जुनी एम-थ्री पुन्हा उभी करायची तर: पैसा कुठे जातो आणि मित्र कुठे कामी येतात

प्रश्न थोडक्यात असा. श्टुटगार्टजवळ नोकरी करणाऱ्या एका मराठी इंजिनिअरने बीएमडब्ल्यूची २००३ची एम-थ्री पाहिली आहे. ई-४६ मॉडेल, कूपे, सहा गिअरची मॅन्युअल, १,६८,००० किलोमीटर चाललेली. मालक २४,००० युरो मागतोय, यांचं एकूण बजेट ३२,००० आहे. इंजिन गरम झालं की आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवल्यावर, पुढच्या बाजूने खडखड येते आणि मालक म्हणतो, "या इंजिनचा आवाज असाच असतो." दोन मित्र शनिवार-रविवारी मदतीला तयार आहेत. एवढ्या पैशांत गाडी ठणठणीत होईल का, आपल्या हातांनी करता येईल का, आणि पुढे ती पुण्याला नेता येईल का, असे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. काही कामं पुढच्या वर्षावर टाकली तर ८,००० युरोंत ही गाडी उत्तम उभी राहते, आणि तेवढ्याच पैशांत अर्धवट उघडी पडून गॅरेजात धूळही खाते. फरक पडतो तो कामाच्या क्रमाने. रिम, पेंट, सीटचं लेदर यांवर आधी खर्च केला की पत्र्याच्या आणि बेअरिंगच्या कामाला पैसे उरत नाहीत. दुसरा फरक पडतो तो कुठलं काम मित्रांच्या हातांनी करायचं आणि कुठल्याला पैसे मोजायचे, हे आधी ठरवण्याने. तुमचे दोन मित्र ही या व्यवहारातली मोठी जमेची बाजू आहे, पण ती नेमकी कुठे वापरायची हे कळायला हवं.

आधी या गाडीचा स्वभाव समजून घ्या. तिचं एस-५४ इंजिन ३,२४६ सीसीचं आहे, सरळ सहा सिलिंडरचं, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल. मिनिटाला ७,९०० फेऱ्यांना ३४३ पीएस (अश्वशक्ती), ४,९०० फेऱ्यांना ३६५ न्यूटन-मीटर. स्ट्रोक ९१ मिलिमीटरचा असल्यामुळे ८,००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर जातो. रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनासाठी हे फार आहे. या गाडीच्या ठरलेल्या तीन दुखण्यांपैकी दोन या इंजिनातली आहेत: कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं (पिस्टनचा रॉड क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, जिथे बसतो तिथल्या वाट्या) आणि व्हॅनॉस (कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारी यंत्रणा). तिसरं दुखणं मागच्या सबफ्रेमच्या, म्हणजे डिफरन्शिअल आणि मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या, पत्र्याचं. या तिन्हींचा निकाल लागल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नका.

खडखड कुठून येते

मालक पूर्ण खोटं बोलत नसेल. व्हॉल्व्हची मोकळीक आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट या इंजिनात नाहीत, त्यामुळे बारीक टिकटिक असतेच. पण आवाज तीन प्रकारचे असतात आणि ते कानाने वेगळे ओळखता येतात. शिलाई मशीनसारखी एकसारखी बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट, तिची भीती नाही. गोट्या हलवल्यासारखी खडखड, आयडलला, इंजिनच्या पुढच्या टोकाकडून, थोडा रेस दिला की कमी होणारी, ही बहुधा व्हॅनॉसची. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. तिसरा आवाज खोल आणि जड, खालून येणारा ठोका. लोड बदलला की तो वाढतो, म्हणजे रेस देऊन पाय काढताना ठळक ऐकू येतो. हा आला तर तो रॉड बेअरिंगचा समजा आणि किंमत कितीही उतरली तरी घरी परत या. ठोका ऐकू येईपर्यंत क्रँकला ओरखडे पडलेले असतात. मग क्रँक घासणं किंवा बदलणं, पूर्ण इंजिन खोलणं, आणि खर्च १०,००० ते १५,००० युरोंच्या घरात जातो.

फक्त कानावर विसंबू नका. या इंजिनचा ऑइल फिल्टर वरच्या बाजूला, हाताशी आहे. मालकाला म्हणा, नवा फिल्टर मी आणतो, जुना मला काढून बघू द्या. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. तांबूस किंवा रुपेरी चकचकीत कण दिसले तर त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर लोखंड, न चिकटणारे तांबूस कण बेअरिंगच्या थरातले. मालकाने फिल्टर उघडू दिला नाही तर तेही एक उत्तरच आहे. जोडीला कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरांत किती दाब तयार होतो त्याची तपासणी) करून घ्या. सहा सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर पुढे सरकू नका. आणि गाडी पूर्ण थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करून ऐकायला मिळेल अशी वेळ ठरवा. तुम्ही पोचायच्या आत मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा.

रॉड बेअरिंग: मित्रांबरोबर करण्यासारखं काम

२००३पर्यंतच्या बऱ्याच गाड्या बीएमडब्ल्यूने बेअरिंगसाठी परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीवर ते काम झालं होतं का, हे चॅसिस क्रमांकावरून डीलरकडे कळतं. झालं असलं तरी त्याला आता दोन दशकं होऊन गेलीत, त्यामुळे १,६८,००० किलोमीटरवर बेअरिंगं बदलायची हे मी गृहीतच धरतो. तेल १०डब्ल्यू-६० म्हणजे घट्ट असतं. थंड इंजिनात ते बेअरिंगपर्यंत नीट खेळत नाही आणि मालकाने थंडीत पहिल्याच चौकात ६,००० फेऱ्या मारल्या की झीज होते. टॅकोमीटरवरचे केशरी दिवे त्यासाठीच आहेत. तेल तापत जाईल तसे ते एकेक विझत जातात, आणि ते विझेपर्यंत गाडी हळूच चालवायची असते.

इंजिन बाहेर न काढता हे काम होतं. वरून आडव्या बीमला इंजिन टांगायचं, पुढची सबफ्रेम खाली उतरवायची, मग ऑइल चेंबर काढायचं. स्टिअरिंगचा जोड सोडवण्याआधी चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग लॉक करा. जोड सुटलेला असताना कुणी आत बसून स्टिअरिंग फिरवलं तर एअरबॅगची गोल वायरपट्टी तुटते आणि फुकटचे दोन-तीनशे युरो जातात. दोन-तीन जण काम करत असताना ही चूक हमखास होते, म्हणून स्टिअरिंगवर कागद चिकटवून ठेवा.

चेंबर निघालं की क्रँक फिरवत दोन-दोन रॉड खाली आणायचे. प्रत्येक रॉडची कॅप त्याच रॉडची आणि त्याच दिशेने परत बसली पाहिजे, म्हणून एका वेळी एकच रॉड खोला. जुन्या बेअरिंगच्या वाट्या १ ते ६ आकडे लिहून पुठ्ठ्यावर ओळीने मांडा, वरची वर, खालची खाली. त्यांच्याकडे बघूनच इंजिनचं पुढचं आयुष्य कळतं. राखाडी थर शाबूत असेल तर उत्तम. मधोमध तांब्याचा पट्टा उघडा पडला असेल तर वेळेवर हात घातला. आडवे खोल ओरखडे असतील तर नखाने क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसतं तो गुळगुळीत भाग) तपासा, नख अडकलं तर तिथेच थांबा. नवी वाटी बसवल्यावर प्लास्टीगेजने (दाबल्यावर पसरून मोकळीक दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक दोऱ्याने) मोकळीक मोजा. मोजताना जुने बोल्ट वापरा, शेवटी बसवताना नवे. हे बोल्ट ताणून बसवायचे असतात, एकदा ताणले की संपले.

इथे मित्रांचा खरा उपयोग होतो. सहा रॉडचे बारा बोल्ट, प्रत्येकाला आधी टॉर्क आणि मग अंशांत फिरवणं. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पाना ओढायचा, तिसऱ्याने झालेल्या बोल्टवर रंगाची खूण करायची. आकडे चॅसिस क्रमांकानुसार बीएमडब्ल्यूच्या दुरुस्ती-पत्रकातूनच घ्या, कुणी तोंडी सांगितलेले नकोत. एकटा माणूस पाठीवर आडवा पडून हे करतो तेव्हा नवव्या-दहाव्या बोल्टला मोजणी चुकते, आणि राहिलेला एक बोल्ट पूर्ण इंजिन घेऊन जातो. तिघं असलात की गप्पा चालतील, पण या तासाभरात फोन बाजूला ठेवा आणि जेवायचा ब्रेक मधे घेऊ नका.

बेअरिंग, बोल्ट, चेंबरचं गास्केट, इंजिन माउंट, ५.५ लिटर तेल आणि फिल्टर मिळून भागांचे ५०० ते ७०० युरो धरा. बाहेरच्या चांगल्या गॅरेजात करून घेतलं तर मजुरीचे १,००० ते १,५०० वेगळे. पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, ऑइल प्रेशरचा दिवा विझला की मगच फ्यूज लावा. पुढच्या दीड-दोन हजार किलोमीटरवर तेल बदला आणि फिल्टर पुन्हा उलगडून बघा.

व्हॅनॉस आणि टॅपेट सेटिंग एकाच बैठकीत

व्हॅनॉस म्हणजे चालू इंजिनात कॅमशाफ्टचं टायमिंग पुढे-मागे करणारी यंत्रणा. या इंजिनात ती उच्च दाबाच्या तेलावर चालते. त्या तेलाचा पंप एक्झॉस्ट कॅमच्या हबला असलेल्या दोन छोट्या जिभांनी फिरतो. पंपाच्या चकतीतली भोकं त्या जिभांपेक्षा किंचित मोठी असतात, त्यामुळे जिभा सतत आपटत राहतात. एक दिवस जीभ तुटते. नशीब असेल तर ती चेंबरमध्ये पडते, नसेल तर टायमिंग चेनमध्ये अडकते. शिवाय हबचे बोल्ट सैल होतात आणि सोलेनॉइडचे रबरी ओ-रिंग कडक होतात. तुमच्या खडखडीचं कारण यांपैकी एक किंवा दोन असणार.

उपाय ठरलेला आहे: घट्ट भोकांची नवी चकती, तपासलेला किंवा नवा हब, नवे बोल्ट, सगळे ओ-रिंग. जोडायला टायमिंगचा ब्रिज आणि क्रँकची लॉक पिन ही खास हत्यारं लागतात. ती विकत घेऊ नका, आयुष्यात एकदा लागतात. एम-थ्रीवाल्यांच्या गटात कुणाकडे तरी ती असतातच.

व्हॉल्व्ह कव्हर निघालंच आहे तर टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची मोकळीक जुळवणं, करून टाका. इंजिन पूर्ण थंड हवं, कूलंट ३५ अंशांच्या खाली. इनटेकला ०.१८ ते ०.२३ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३३. व्हॉल्व्ह चोवीस. आधी चोवीसही ठिकाणचं अंतर फिलर गेजने मोजून कागदावर लिहा, मगच शिम (अंतर जुळवणाऱ्या छोट्या चकत्या) काढायला सुरुवात करा. एकाचा काढलेला शिम दुसऱ्या व्हॉल्व्हला बसतो, त्यामुळे नीट मांडणी केली तर नवे फार थोडे घ्यावे लागतात. शिम चुंबकाच्या काडीने उचला आणि चेनच्या खाचेत स्वच्छ फडकं कोंबून ठेवा. एक शिम आत पडला तर सगळा दिवस तो शोधण्यात जातो.

जोडून झाल्यावर लॅपटॉप लावून व्हॅनॉसची चाचणी घ्यायची. एरर कोड पुसून "झालं" म्हणू नका. चाचणी दोन्ही कॅमचा हलण्याचा वेळ आणि टायमिंगमधली चूक दाखवते, त्या पानाचा फोटो जपून ठेवा. या सगळ्याचे भाग ५०० ते ९०० युरो. पहिल्यांदा करणाऱ्याला दोन पूर्ण शनिवार लागतात. शनिवारच म्हणतोय, कारण जर्मनीत रविवारी वस्तीत ग्राइंडर लावला की शेजारी पोलिसांना फोन करतात, आणि त्यांचं चूकही नसतं.

मागचा पत्रा: हे मात्र मित्रांचं काम नाही

या गाडीबद्दल सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि विकणारे सगळ्यांत जास्त लपवतात तीही हीच. मागची सबफ्रेम चार जागी गाडीच्या तळपत्र्याला बोल्टने धरलेली असते. तो पत्रा पातळ आणि स्पॉट वेल्डिंगने जोडलेला. प्रत्येक वेळी क्लच सोडून गाडी पळवली की डिफरन्शिअल सबफ्रेमला पिळतो, पाय काढला की उलटा पिळतो. पुढेमागे वाकवलेली तार जशी शेवटी तुटते तसा हा पत्रा चार कोपऱ्यांभोवती चिरतो. मागचे बुश (जोडांतले रबरी आधार) झिजलेले असले की चिरण्याचा वेग वाढतो. ही चीर साध्या ३-सिरीजलाही पडते, एम-थ्रीला ताकदीमुळे लवकर.

लिफ्टवर गाडी चढवून टॉर्चने बघा, पण काळ्या अंडरकोटिंगखाली चीर दिसत नाही. ताजं, चकचकीत अंडरकोटिंग फक्त त्या चार जागांभोवतीच मारलेलं दिसलं तर सावध व्हा. खात्री सबफ्रेम उतरवल्यावरच होते. म्हणून सौदा करताना "चीर आहे" असं धरूनच किंमत बोला. मालक "नाही" म्हणाला तर नम्रपणे सांगा की असेल-नसेल, मजबुतीचं काम मला करायचंच आहे.

काम असं होतं: सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअल, सबफ्रेम खाली, मागची सीट, गालिचा आणि आवाज अडवणारे थर बाहेर, पेट्रोलची टाकी काढलेली किंवा पूर्ण सुरक्षित केलेली, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या बाजूला, डिकीतली बॅटरी सोडलेली. चिरीच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग चीर उकरून वेल्ड, आणि वरून चार जागी मजबुतीच्या प्लेटा. अनेक जण डिकीच्या बाजूनेही आडवा आधार बसवतात. जोरात किंवा ट्रॅकवर चालवणार असाल तर तो मीही सुचवतो. आधीच्या मालकाने डीलरकडून आत फोम भरून घेतला होता का, हे वेल्डरला आधी सांगा. बीएमडब्ल्यूची ती एक अधिकृत दुरुस्ती होती, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो फोम पेटतो.

तुमच्या मित्राकडे मिग वेल्डिंग मशीन असेल, त्याने घराचं फाटक झकास जोडलं असेल, तरी हे काम त्याला देऊ नका. पातळ पत्रा जाड प्लेटेला जोडताना उष्णता कुठे द्यायची हे सवयीनेच कळतं. शिवाय हा गाडीचा भार पेलणारा भाग आहे. जर्मनीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या ट्यूफच्या, म्हणजे सक्तीच्या वाहन तपासणीत, तिथला इंजिनिअर हा भाग बघणार. काम सुरू करण्याआधी त्याला भेटा, काय करणार ते दाखवा, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा. रंगवून झाकल्यावर विचारायला गेलात तर तो "उघडून दाखवा" म्हणेल आणि ते त्याच्या जागी बरोबर असेल.

मित्रांनी इथे करायचं ते उतरवणं आणि चढवणं. गाडी वेल्डरकडे मोकळ्या तळासह गेली तर त्याचे तास निम्म्याने कमी होतात. त्याला १,५०० ते २,५०० युरो धरा, प्लेटा आणि बुश यांना ८०० ते १,२००. सबफ्रेम बाहेर असताना तिचे बुश, डिफरन्शिअलचे बुश, ट्रेलिंग आर्मचे बुश, गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकचे शू आणि प्रोपेलर शाफ्टचा रबरी जोड बदलून घ्या. पुन्हा तिथे पोचायला तेवढेच श्रम लागतात.

बाकीचा हिशेब

कूलिंगमध्ये प्लास्टिकची एक्स्पान्शन टाकी, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि होज यांना ५०० ते ७००. डिस्क आणि पॅड ८०० ते १,२००. टायर, पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० अठरा इंची, ८०० ते १,०००. पुढच्या आर्मचे बुश आणि चारही शॉक १,२०० ते १,८००. हे सगळे माझे कामातले अंदाज आहेत. गाव, दुकान आणि गंज यांनुसार बदलतात, आणि क्लचचा यात हिशेब नाही.

भागांची बेरीज ५,१०० ते ७,५०० येते. वेल्डिंग, व्हील अलाइनमेंट आणि लिफ्टचं भाडं धरून ७,५०० ते १०,५००. त्यावर तुटलेल्या बोल्टांसाठी आणि उघडल्यावर दिसणाऱ्या गोष्टींसाठी १५ टक्के. म्हणजे २४,००० देऊन ३२,०००त बसत नाही. २१,५००पर्यंत खाली आणता आलं तर मधल्या अंदाजाने बसतं. नाहीतर शॉक आणि टायर पुढच्या वर्षावर टाका. पहिल्या वर्षी बेअरिंग, व्हॅनॉस, मागचा पत्रा, कूलिंग आणि ब्रेक, एवढंच. गाडीचं वय वाढलं म्हणून सुट्या भागांची किंमत उतरत नाही. त्या भागांवर अजूनही नव्या कोऱ्या महागड्या गाडीचाच भाव असतो, हे डोक्यात पक्कं ठेवा.

वार्षिक कर मात्र सोपा आहे. २००९ आधीच्या या वर्गातल्या पेट्रोल गाडीला दर १०० सीसीला ६.७५ युरो, म्हणजे ३३ वेळा, साधारण २२२ युरो. हिवाळ्यात चालवणार नसाल तर एप्रिल ते ऑक्टोबरची सीझन नंबरप्लेट घ्या. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरावा लागतो आणि रस्त्यावरच्या मिठापासून पत्राही वाचतो.

जागा, हत्यारं आणि माणसं

भाड्याच्या घराच्या अंगणात किंवा रस्त्यावर हे काम करू नका. घरमालक, पालिका आणि जमिनीत मुरणारं तेल, तिन्ही बाजूंनी अडचण येईल. जर्मनीत तासावर लिफ्ट देणारी गॅरेजं असतात, लोक त्यांना मीटवेर्कश्टाट म्हणतात. लिफ्ट, कॉम्प्रेसर, प्रेस मिळतं, काही ठिकाणी एखादा मास्टर मेकॅनिकही हजर असतो. ताशी १५ ते २५ युरो धरा. सबफ्रेमच्या कामाला गाडी चार-पाच दिवस तिथेच उभी ठेवता येईल का हे आधी विचारा, कारण चाकं नसलेली गाडी संध्याकाळी घरी नेता येत नाही. जुनं तेल, ज्याच्याकडून नवं घेतलं त्या दुकानदाराने तेवढ्याच मापात परत घ्यावं असा कायदा आहे, फक्त पावती जपा.

मग माणसं. गाडी घ्यायच्या आधीच जवळच्या एम-थ्रीवाल्यांच्या श्टामटिशला जा, म्हणजे महिन्यातून एकदा ठरलेल्या हॉटेलात जमणारी मंडळी. पहिल्या भेटीत काही मागू नका, गाड्या बघा, बोनेटखाली डोकं घाला, प्रश्न विचारा. या लोकांकडे जे असतं ते कुठल्या दुकानात मिळत नाही: कुठला वेल्डर हे काम रोज करतो, कुठला ट्यूफचा इंजिनिअर ऐकून घेतो, कुणी अपघातातली गाडी खोलून विकतोय. तुम्ही पाहिलेली गाडी त्यांच्यातल्या कुणाला तरी माहीत असण्याची शक्यताही बरीच असते. नवखा माणूस मनापासून शिकायला आलाय हे दिसलं की हे लोक स्वतःचा शनिवार देतात. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यांत मोलाचं तेच वाटतं.

पण ही देवाणघेवाण टिकते ती काही साध्या नियमांवर. उसनं आणलेलं हत्यार आणलं त्याहून स्वच्छ करून, ठरल्या दिवशी परत. टायमिंगचं हत्यार वाकलं तर काही न बोलता नवं घेऊन द्यायचं. लिफ्टचं भाडं, हातमोजे, ब्रेक क्लीनर, जेवण हा खर्च गाडीच्या मालकाचा. मित्रांना रोख पैसे देऊ नका. अधूनमधून केलेली आपुलकीची मदत कायद्याला चालते, पण पैसे घेऊन नेहमी केलेलं काम बेकायदा मजुरीत मोडतं. त्याऐवजी त्यांच्या गाडीचा दिवस आला की सकाळी सगळ्यांच्या आधी हजर राहा. वेल्डिंग, मशीनिंग ही ज्यांची रोजीरोटी आहे त्यांच्याकडे मात्र फुकट मागू नका, मैत्री कितीही असली तरी.

आणखी एक, कामावर बोलणारा एकच ठेवा. तीन मित्र, तीन मतं आणि एक उघडं इंजिन यातून भांडणं होतात. दुरुस्ती-पत्रक ज्याच्या हातात, त्याचा शब्द त्या दिवशी शेवटचा. निघालेले बोल्ट भागवार पिशव्यांत, पिशवीवर नाव आणि तारीख. अर्धवट घट्ट केलेला कुठलाही बोल्ट "नंतर बघू" म्हणून सोडायचा नाही. जो उठून जाईल त्याने जाण्याआधी सांगायचं की कुठे थांबलो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. ही गाडी पुण्याला नेता येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. तुमची गाडी डाव्या स्टिअरिंगची, २००३ची. शिवाय बीएमडब्ल्यूने भारतात चेन्नईचा कारखाना सुरू केला तो २००७ साली, या मॉडेलचं उत्पादन संपल्यावर, त्यामुळे तिथे या इंजिनचे भाग आणि हात दोन्ही दुर्मीळ आहेत. परत जायचा विचार दोन-तीन वर्षांत पक्का असेल तर गाडी जर्मनीतच विकायची असं धरून चाला. तेव्हा बेअरिंगच्या वाट्यांचे, वेल्डिंगच्या प्रत्येक टप्प्याचे आणि व्हॅनॉस चाचणीचे फोटो, सगळ्या पावत्यांसह एका फाइलीत असले की पुढचा घेणारा किंमत पाडायला जागा शोधत बसत नाही.